महाजालावर मराठी नाव हरवते तेव्हा

गेल्या फेब्रुवारीतील गोष्ट. सीमाभागातील एका गावच्या वाचनालयाने मराठी भाषा गौरव दिनासाठी, म्हणजे २७ तारखेसाठी, आसपासच्या गावांतील मुलांची वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. अर्ज वाचनालयाच्या संकेतस्थळावर भरायचे होते. संकेतस्थळाचे नाव देवनागरीत, शेवट '.भारत' असा. चार वर्षांपूर्वी मोठ्या उत्साहाने घेतलेले ते नाव वाचनालयाच्या पाटीवरही रंगवलेले आहे. अर्जाची मुदत संपायला तीन दिवस उरले असता ते संकेतस्थळ दिसेनासे झाले. पहिल्या दिवशी काहींच्या फोनवर उघडत होते, काहींच्या नाही. दुसऱ्या दिवशी कुणाच्याच फोनवर उघडेना. 'हे संकेतस्थळ सापडत नाही' एवढेच वाक्य पडद्यावर येई.

संध्याकाळी समितीची बैठक बसली. प्रस्तुत लेखकही तेथे होता. अध्यक्षांनी सुरुवातीलाच तोंड उघडले, "मी तवाच म्हणालो हुतो, इंग्रजीत नाव घ्या म्हणून. मराठी नाव बघायला बरं दिसतंय, चालत नाही." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. देवनागरी नाव सोडून द्यावे आणि रोमन लिपीतील नवे नाव घ्यावे, असा ठराव जवळजवळ कागदावर आला होता.

तो ठराव का झाला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. नाव हरवले म्हणजे ते मराठी असल्यामुळेच हरवले, असे आपण फार लवकर मानतो. ते नेमके कोठे हरवले, हे विचारण्याची साधने असतात, ती फुकट मिळतात आणि बारावी झालेल्या कोणत्याही मुलाला ती दोन दिवसांत शिकता येतात. ही साधने कोणती आणि ती काय सांगतात, ते पाहू.

नाव माणसांसाठी, आकडा यंत्रांसाठी

महाजालावरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो. तो माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून नाव ठेवावे लागते. पूर्वी, म्हणजे हे जाळे अमेरिकेतील काही शे यंत्रांपुरते होते तेव्हा, सर्व नावांची आणि आकड्यांची एकच यादी असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळी. नवे यंत्र आले की तेथे कळवायचे, आणि बाकीच्यांनी सुधारलेली यादी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ही पद्धत मोडकळीस आली.

१९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर तोड काढली. एकच यादी नको, वाटून दिलेली नोंदवही हवी. सर्वांत वर मूळ, त्याखाली 'कॉम', 'इन', 'भारत' यांसारखे शेवट, त्याखाली ज्याचे त्याचे नाव. प्रत्येकाने आपल्या हाताखालचा हिशेब ठेवायचा आणि खालच्याकडे बोट दाखवायचे. या पद्धतीला डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस, म्हणतात. १९८७ साली तिचे नियम पक्के झाले आणि पुष्कळ भर पडूनही पाया आजही तोच आहे.

नाव वाचायचे ते उजवीकडून. आपण '.भारत'ने संपणारे नाव फोनवर लिहिले की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा एक संगणक आपल्या वतीने चौकशीला निघतो. तो आधी मुळाला विचारतो. मुळाच्या सर्व्हरांची नावे तेरा आहेत, पण त्या तेरा नावांमागे जगभर हजाराहून अधिक यंत्रे उभी आहेत. मूळ म्हणते, 'भारत'चा हिशेब अमुक ठिकाणी. तेथे विचारले की उत्तर येते, हे नाव अमुक कंपनीच्या नेम सर्व्हरवर आहे. त्या शेवटच्या सर्व्हरने आकडा दिला की संकेतस्थळ उघडते. ही सारी ये-जा डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

मिळालेला आकडा चौकशी करणारा संगणक काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते नावाच्या मालकाने नोंदीत लिहिलेले असते. ती मुदत पाच मिनिटांचीही असू शकते, दोन दिवसांचीही. नाव एकाच्या फोनवर उघडते आणि शेजाऱ्याच्या फोनवर उघडत नाही, याचे बहुतेक वेळा कारण हेच. एकाच्या कंपनीला जुने उत्तर आठवत असते, दुसरीचे विसरून झालेले असते.

देवनागरी नाव तारेतून कसे जाते?

ही व्यवस्था घडली तेव्हा नावात रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ एवढेच चालत असे. जगातील हजारो सर्व्हर त्याच हिशेबाने बांधलेले. मग देवनागरी, कन्नड, अरबी, चिनी नावे आणायची कशी? २००३ साली ॲडम कॉस्टेलो यांनी मांडलेली 'प्युनीकोड' नावाची पद्धत मान्य झाली. तिच्यात दुसऱ्या लिपीतील नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलते. आपण पडद्यावर 'भारत' लिहितो, पण तारेतून जाते ते 'एक्स एन', दोन आडव्या रेघा आणि मग 'एच २ बी आर जे ९ सी'. सुरुवातीचे 'एक्स एन' आणि दोन रेघा ही खूण. ती दिसली की समजावे, आत दुसऱ्या लिपीतील नाव आहे.

'.भारत' हा देवनागरी शेवट २७ ऑगस्ट २०१४ रोजी लोकांसाठी खुला झाला. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, बोडो, डोगरी आणि सिंधी अशा आठ भाषांना तो एकच शेवट आहे, कारण लिपी एकच. आपल्या शेजारच्या कन्नडसाठी त्याच अर्थाचा शेवट कन्नड लिपीत आहे. या सर्वांची नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था ठेवते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संगणकाला अर्थ कळत नाही, उच्चारही कळत नाही. त्याला फक्त अक्षरांचे क्रमांक कळतात. एक वेलांटी बदलली की सांकेतिक रूप बदलते, आणि ते दुसरेच नाव होते. याची प्रचिती आम्हाला त्याच रात्री येणार होती.

विचारायची साधने

बैठकीला ग्रंथपालबाईंची भाची आली होती. ती बेळगावला संगणकशास्त्र शिकते. ठराव लिहायला घेतलेला पाहून ती म्हणाली, "काका, आधी विचारून तरी बघूया की. नाव कुठं अडकलंय ते कळंल." चिटणिसांनी वही मिटली आणि ती संगणक उघडून बसली. तिने जी साधने वापरली, त्यांची ओळख करून देतो.

पहिले 'एनएसलुकअप'. विंडोजच्या संगणकात ते आधीपासूनच असते. काळ्या खिडकीत ते रोमन अक्षरांत लिहून पुढे नाव द्यायचे, की त्या नावाचा आकडा येतो किंवा का आला नाही ते कळते. त्याच ओळीत शेवटी एखाद्या सर्व्हरचा आकडा लिहिला तर प्रश्न त्या सर्व्हरला जातो. आपल्या कंपनीचा सर्व्हर एक सांगतो आणि गूगलचा, ज्याचा आकडा चार वेळा आठ असा आहे, दुसरे सांगतो, असे दिसले तर दोष नावात नसून कंपनीच्या आठवणीत आहे असे समजावे.

दुसरे 'डिग'. हे अधिक खोल जाते. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात नेम सर्व्हरचा 'बाइंड' हा प्रोग्रॅम लिहिला. आज तो इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम ही संस्था सांभाळते आणि त्याच्याबरोबर डिग मिळते. लिनक्स आणि ॲपलच्या संगणकांवर ते सहज सापडते. त्याला 'प्लस ट्रेस' असे सांगितले की ते कुणाच्या आठवणीवर विसंबत नाही. स्वतः मुळापासून निघते, पायरी पायरीने खाली येते आणि प्रत्येक पायरीवर कोणी काय सांगितले ते छापते. मळ्यात पाणी पोचले नाही तर आपण मोटारीपासून पाटाच्या कडेने चालत येतो आणि कोठे फुटले ते बघतो, तसलाच हा प्रकार.

तिसरे 'हूइज', म्हणजे नाव कोणत्या कंपनीमार्फत नोंदले, मुदत कधी संपते आणि कोणते नेम सर्व्हर लावले आहेत, हे सांगणारी चौकशी. तिची जागा आता 'आरडॅप' ही नवी पद्धत घेत आहे. संकेतस्थळ बंद पडले की पहिली शंका हीच घ्यावी. वर्गणी भरायची राहून नाव रद्द होणे, हा लहान संस्थांचा नेहमीचा रोग आहे.

चौथे, देवनागरी नावाचे सांकेतिक रूप करणारे आणि सांकेतिक रूपाचे पुन्हा देवनागरी करणारे साधन. 'आयडीएन टू' हे त्यांपैकी एक. डिगच्या नव्या आवृत्त्या देवनागरी नाव घेतात, पण प्रत्येक साधन घेईलच असे नाही. म्हणून चौकशी करताना सांकेतिक रूपच द्यावे, म्हणजे शंकेला जागा राहत नाही.

उत्तरातील चार शब्द

या साधनांच्या उत्तरात एक शब्द येतो, आणि निदान त्यातच असते. 'नोएरर' म्हणजे नाव ठाऊक आहे. पण त्यापुढे आकडा नसेल, तर नाव असून हवी ती नोंद कोणी भरलेली नाही. 'एनएक्सडोमेन' म्हणजे असे नावच नाही, तेव्हा नाव रद्द झाले किंवा लिहिताना चुकले. 'सर्व्हफेल' म्हणजे चौकशी करणाऱ्याला खालून धड उत्तर मिळाले नाही. 'रिफ्यूज्ड' म्हणजे ज्याला विचारले तो म्हणतो, 'हे माझ्याकडचे काम नाही.' फोन मात्र या चारही प्रसंगी जवळजवळ एकच वाक्य दाखवतो, 'सापडत नाही'. म्हणून फोनवर विसंबून ठराव करू नयेत.

आता त्या रात्रीची चौकशी. हूइजने सांगितले, नाव वाचनालयाच्याच मालकीचे आहे आणि मुदत संपायला वर्ष आहे. म्हणजे वर्गणीचा दोष नाही. एनएसलुकअपला कंपनीच्या सर्व्हरनेही आणि गूगलच्या सर्व्हरनेही सर्व्हफेल सांगितले. म्हणजे दोष एका कंपनीच्या आठवणीचा नाही. मग डिगने मुळापासून पाट धरला. मुळाने 'भारत'कडे बोट दाखवले. देवनागरीचे काही अडले नाही. 'भारत'च्या सर्व्हरने वाचनालयाच्या नावासाठी एका नव्या कंपनीचे दोन नेम सर्व्हर दाखवले. तेथेही देवनागरीचे काही अडले नाही. त्या दोन्ही सर्व्हरांनी उत्तर दिले, रिफ्यूज्ड.

"काका, ही कंपनी कधी लावली?" भाचीने विचारले. चिटणिसांनी सांगितले, जुन्या कंपनीने भाडे वाढवले म्हणून त्याच आठवड्यात संकेतस्थळ दुसऱ्या कंपनीकडे हलवले होते. नव्या कंपनीला नाव त्यांनी फोनवरून सांगितले होते. कंपनीचे नाव येथे देण्याचे कारण नाही. तिचे पुष्टीपत्र चिटणिसांच्या ईमेलमध्ये होते, पण त्यात नाव सांकेतिक रूपात असल्याने कोणी ते वाचले नव्हते. भाचीने ते रूप आपल्या नावाच्या सांकेतिक रूपाशेजारी ठेवले. दोन्ही सारखी नव्हती. मग तिने पत्रातील रूप उलटे फिरवून देवनागरी केले आणि पडद्यावर जे आले ते पाहून चिटणीस खुर्चीतून उठलेच.

वाचनालयाच्या नावाच्या शेवटी 'जागृती' असा शब्द आहे. नव्या कंपनीत लिहिले होते 'जागृति'.

वेलांटीचा प्रश्न

चिटणीस हे निवृत्त मराठी शिक्षक. ते हसावे की रागवावे या पेचात पडले. "अगं, तीस वर्षं या वेलांटीपायी पोरांचे अर्धे अर्धे मार्क कापले मी! आणि आता माझंच संकेतस्थळ तिनं अडवलं?"

यात कुणाचे अज्ञान नव्हते. फोन घेणारा कर्मचारी हिंदी भाषक असावा. हिंदीत 'जागृति', 'प्रगति', 'शक्ति' असेच लिहितात, आणि ते त्या भाषेत बरोबर आहे. मराठीतही पूर्वी ऱ्हस्व लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, त्यांत शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहावा असे ठरले. एकच लिपी आठ भाषांची असल्याचा फायदा मोठा आहे, पण लेखनाचे नियम मात्र प्रत्येकीचे निराळे, ही गोष्ट नोंदवहीला ठाऊक नसते.

सीमाभागातील माणसाला हे दुःख नवे नाही. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, उताऱ्यावर कन्नडमध्ये, बँकेत इंग्रजीत. तिन्ही लिपींतून फिरताना एखादी मात्रा गळते, एखादा 'ळ'चा 'ल' होतो, आणि मग माणूस तोच आहे हे सिद्ध करायला तालुक्याच्या ठिकाणी फेऱ्या माराव्या लागतात. तेथे निदान कारकुनापुढे उभे राहून 'मीच तो' म्हणता येते. डीएनएसपुढे ती सोय नाही. तेथे अक्षर जुळले तर नाव आहे, नाही तर नाही.

ऱ्हस्व-दीर्घाखेरीज मराठीच्या वाटेत आणखी काही खाचा आहेत. 'ॲ' हे अक्षर एकसंधही टाइप करता येते, आणि 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊनही. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधीच्या कळफलकांवर दुसरी रीत रुळली होती. दोन्ही डोळ्यांना सारखी दिसतात, संगणकाला निरनिराळी. 'सुऱ्या', 'तऱ्हा' यांतील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो, त्यांपैकी एका रीतीत न दिसणारे एक जोडचिन्ह मध्ये बसते. २००३ चे नियम हे चिन्ह गाळून टाकीत, २०१० चे नियम काही अटींवर ते राखतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या साधनांतून एकाच शब्दाची दोन सांकेतिक रूपे निघू शकतात. आणखी एक, डोमेन नावात मोकळी जागा चालत नाही. तेव्हा 'स्मृती ग्रंथालय' जोडून लिहिताना समासाच्या नियमाने 'स्मृतिग्रंथालय' करायचे की 'स्मृती' तशीच ठेवायची, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

याचा अर्थ मराठी नाव घेऊ नये, असा मुळीच नाही. इंग्रजीतही 'कलर'चे स्पेलिंग अमेरिकेत एक आणि इंग्लंडात दुसरे आहे. तेथील दुकानदार दोन्ही नावे नोंदवून ठेवतो, एवढेच.

मोठ्यांचीही नावे हरवतात

अध्यक्षांचे 'इंग्रजी नाव घेतले असते तर' हे म्हणणेही येथे तपासून घेऊ. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. रात्री निरोप जाईनात म्हणून फोन बंद-चालू करणारे आपल्यांत पुष्कळ असतील. त्या दिवशी दुरुस्तीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुकचे आतले जाळे तुटले, त्यापाठोपाठ त्यांच्या नेम सर्व्हरांकडे जाण्याच्या वाटा बंद झाल्या, आणि 'फेसबुक' या नावाचा आकडा सांगणारे जगात कोणी उरले नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातील केंद्रात डीएनएस नोंदी आपोआप सांभाळणाऱ्या व्यवस्थेतील दोषामुळे एका महत्त्वाच्या नावापुढील नोंद कोरी झाली. ॲमेझॉनवर विसंबलेल्या कितीतरी कंपन्यांच्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या.

ही नावे देवनागरी नव्हती. नाव हरवण्याचा रोग लिपीचा नाही, नोंदीचा आहे. फरक एवढाच, की त्या कंपन्यांकडे विचारणारी माणसे होती. आपल्याकडे विचारणारे नसले की दोष भाषेवर जातो.

सांभाळण्याची साधने

शोधण्याइतकेच सांभाळणेही महत्त्वाचे. स्वतःचा नेम सर्व्हर चालवणाऱ्या महाविद्यालयांसाठी बाइंडबरोबर 'नेम्ड-चेकझोन' नावाचे साधन मिळते. नोंदींची फाइल लावण्याआधी ते ती तपासते. या फाइलींत पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावे लागते. ते विसरले तर सर्व्हर त्या नावापुढे मूळ नाव पुन्हा जोडतो आणि नाव दुप्पट लांब होऊन बसते. जगातील हजारो जाणकारांनी या एका टिंबापायी रात्री जागवल्या आहेत. फाइलीत एक क्रमांकही असतो. नोंद बदलली की तो वाढवावा लागतो, नाही तर जोडीचा दुसरा सर्व्हर जुनेच सांगत राहतो. पण ही साधने मांडणी तपासतात, शुद्धलेखन नव्हे. 'जागृति' त्यांच्या दृष्टीने निर्दोष आहे. ते तपासणारा माणूसच लागतो.

वाचनालये, पतसंस्था, शाळा, महिला मंडळे यांच्यासाठी नेम सर्व्हरची गरज नाही. त्यांनी पाच गोष्टी केल्या तरी पुरे. एक, नाव संस्थेच्या नावावर नोंदवावे, एखाद्या उत्साही तरुणाच्या खाजगी खात्यावर नव्हे, कारण तो उद्या पुण्याला नोकरीला जातो आणि पासवर्डही जातो. दोन, संस्थेच्या दप्तरात नावाचे देवनागरी रूप, सांकेतिक रूप, नेम सर्व्हरांची नावे आणि मुदतीची तारीख लिहून ठेवावी. तीन, कंपनीला नाव फोनवर कधीही सांगू नये, लिहून पाठवावे आणि परत आलेले सांकेतिक रूप आपल्या दप्तराशी अक्षरशः ताडून पाहावे. चार, ऱ्हस्व-दीर्घाची शंका येण्याजोगे नाव असेल तर दोन्ही रूपे नोंदवून दुसरे पहिल्याकडे वळवावे. पाच, सर्व्हर बदलायचा असेल तर नोंदींची मुदत दोन दिवस आधी कमी करून घ्यावी आणि नवे लागले याची डिगने खात्री झाल्याशिवाय जुने बंद करू नये. आमच्या वाचनालयाने यांतील तिसरी आणि पाचवी गोष्ट केली नव्हती.

असो. त्या रात्री नऊच्या सुमारास भाचीने नव्या कंपनीच्या सर्व्हरला 'जागृति'चे सांकेतिक रूप विचारले. नोएरर, आणि समोर आकडा. शोध संपला. चिटणिसांनी कंपनीला ईमेल लिहिले. त्यात शुद्धलेखनाचे व्याख्यान न देता योग्य सांकेतिक रूप तेवढे दिले. सकाळी दहाला कंपनीने नोंद दुरुस्त केली. सर्व्हफेल हे उत्तर चौकशी करणारे संगणक फार तर पाच मिनिटे लक्षात ठेवतात, त्यामुळे सव्वादहापर्यंत गावातील फोनांवर संकेतस्थळ उघडू लागले. अर्जाची मुदत समितीने एका दिवसाने वाढवली. मुलांचे नुकसान झाले नाही.

पुढच्या बैठकीत ठराव मात्र झाला. तो अध्यक्षांनीच मांडला. देवनागरी नाव कायम ठेवावे, ऱ्हस्व वेलांटीचे नावही घ्यावे, आणि या साधनांची माहिती मराठीत लिहून वाचनालयाच्या फळ्यावर लावावी, असा. फळ्यावरचा तो कागद भाचीने लिहिला आहे. एनएसलुकअप कसे चालवायचे, चार उत्तरांचे अर्थ काय, सांकेतिक रूप कोणते. खाली चिटणिसांनी लाल शाईने एक ओळ वाढवली आहे: 'जागृती. शेवटची वेलांटी दीर्घ.'

आपल्या गावात मराठी नावाचे संकेतस्थळ असेल तर तेथेही असा एक कागद लावावा. भाषा टिकावी असे आपण सारेच म्हणतो. मराठी नावाला नवे ठिकाण मिळाले आहे, तर त्याच्या नोंदी पाहणारे, अडले तर विचारणारे दोघे-तिघे प्रत्येक गावात तयार झाले पाहिजेत. शाळांतील संगणक शिक्षकांनी हे मनावर घेतले तर एका उन्हाळी सुटीचे काम आहे.